घर उजवीकडं, वाट पुलावरनं

एक डोळा मिटायचा, मान जराशी वाकडी करायची आणि समोरच्या वस्तूवर नेम धरल्यासारखं पाहायचं, ही त्यांची सवय होती. समोर काय असावं याला बंधन नव्हतं. लग्नाची पंगत चालायची, शाळेतल्या पोरांची रांग चालायची, माझ्या केसांतला भांगसुद्धा चालायचा. पाहून झालं की निकाल दोनच. "सरळ हाय," नाहीतर "दोन बोटं डावीकडं सरकलंय." माझा भांग कित्येक वर्षं दोन बोटं डावीकडं सरकलेला होता आणि त्यात सुधारणा होईल अशी आशा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

तासगावहून कवठे महांकाळकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणाला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला. खरा धंदा म्हणजे लोकांचे अर्ज लिहायचे, ऑनलाइन फॉर्म भरायचे आणि शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेला बसणाऱ्यांना धीर द्यायचा. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, त्यांचं घर. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही मामाच म्हणत आले. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर अक्षरं एका ओळीत नाहीत म्हणून वरून बोट दाखवतील.

मामा रस्त्यावर पट्टे मारायचे. म्हणजे गाडी चालवताना आपण ज्यांच्याकडं ढुंकूनही पाहत नाही, ते पांढरे-पिवळे पट्टे. ठेकेदाराच्या टोळीत एकजण भट्टीवर रंग तापवायचा, दोघं रंगाचा गाडा ढकलायचे, पण सगळ्यांच्या पुढं दोरी घेऊन मामा. दोरी ताणायची, चुन्याच्या खुणा करायच्या, एक डोळा मिटायचा. त्यांनी "हूं" म्हटल्याशिवाय रंगाचा थेंब खाली पडत नसे. गाडीच्या उजेडात पट्टा चमकावा म्हणून ओल्या रंगावर काचेची बारीक भुकटी टाकतात. ती भुकटी मामांच्या भुवयांत कायमची बसली होती. तिन्हीसांजेला समोरून मोटारसायकल आली की आधी मामांच्या भुवया चमकायच्या आणि मग मामा दिसायचे.

रंग एकदा वाळला की त्यात बदल नाही, हा त्यांच्या कामाचा नियम. तो त्यांनी सगळ्या जगाला लावून टाकला होता. लेकीचं लग्न ठरलं, आमटीत मीठ जास्त पडलं, निवडणुकीत नको तो माणूस निवडून आला, सगळ्यावर एकच वाक्य. "रंग वाळला, इषय संपला."

आता आमच्या भागातल्या माणसाला या पट्ट्यांचा अर्थ समजावणं काय चीज आहे ते सांगते. पहिल्यांदा रस्त्याच्या मधोमध पांढरा पट्टा आला तेव्हा गावाला वाटलं, सरकारनं चाक चालवायला जागा आखून दिली. बैलगाडी चाकोरीतून गेली की सुखरूप पोचते, हे पिढ्यान्‌पिढ्याचं ज्ञान. मग ट्रॅक्टरनं तरी वेगळं का वागावं? उजवं चाक पट्ट्यावर ठेवायचं आणि डोळे मिटून जायचं. जाणारेही असंच जायचे आणि येणारेही.

व्हायचं तेच झालं. एक दिवस माझ्या दुकानासमोर शेणखताचा एक ट्रॅक्टर आणि द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटांचा दुसरा, नाकाला नाक लावून उभे राहिले.

"मागं घे. मी पट्ट्यावर हाय."

"मग मी काय उसात हाय? मी बी पट्ट्यावरच हाय."

दोघंही खरं बोलत होते, म्हणून कुणीच मागं घेईना. दोन्हीकडं गाड्या तुंबल्या. एसटीतली माणसं उतरून माझ्या दुकानात आधारकार्डाच्या झेरॉक्स काढून घेऊ लागली. तेवढाच वेळ सत्कारणी. तेवढ्यात मामा अंगाला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत पळत आले.

"आरं, ही चाकोरी न्हवं रं गड्यांनो!"

"मग काय हाय?"

या प्रश्नावर मामा अडकले. आयुष्यभर पट्टे मारले, पण पट्टा म्हणजे काय हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. रस्त्याकडेला दोन भावांची द्राक्षबाग होती. मधला बांध पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"बांध हाय! ह्यो बांध हाय. ह्या अंगाचं रान तुझं, त्या अंगाचं त्येचं."

दोन्ही ट्रॅक्टर तत्क्षणी मागं सरले. आमच्याकडचा माणूस सख्ख्या भावाचं नाव विसरेल, पण बांध विसरणार नाही.

मामा खूश झाले. चार दिवसच. पाचव्या दिवशी माझ्याकडं पहिला अर्ज आला: 'माझ्या शेतासमोरील डांबरी रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्याची शासकीय मोजणी होऊन मिळणेबाबत.' समोरून येणाऱ्या जीपचा आरसा एक वीतभर आपल्या हद्दीत आला, अशी तक्रार होती. मग दुसरा अर्ज, मग तिसरा. एकानं पट्ट्यापर्यंतच्या आपल्या अर्ध्या रस्त्यावर ज्वारी वाळत घातली. त्याला हटकलं तर म्हणाला, "बांधाच्या आत हाय की. कुणाच्या बापाचं काय जातंय?" एका म्हातारीनं तर पट्ट्याला हळदकुंकू वाहून लिंबू ठेवलं, शेजाऱ्यानं बांध कोरू नये म्हणून.

मी हसून हसून बेजार. मामांना मात्र झोप लागेना. शेवटी त्यांनी रोज सकाळी माझ्या दुकानात लायसन्सवाल्यांसमोर उभं राहून खुलासा करायला सुरुवात केली. त्यांची ती शिकवणी मला अजून पाठ आहे.

"तुटक पट्टा म्हंजे बांधाला वाट ठिवल्याली हाय. फुडं मोकळं दिसलं तर त्या वाटंनं जावा, फुडच्याला मागं टाका आन्‌ गप आपल्या रानात परत या. तितंच ऱ्हायाचं न्हाई. सलग पट्टा म्हंजे बांधाला काटं लावल्यात. वलांडायचं न्हाई. दोन पट्टं शेजारी असलं तर आपल्या अंगाचा बगायचा. आपला तुटक, तर आपल्याला वाट. आपला सलग, तर मागच्यानं कितीबी हॉर्न मारू दे."

"आन्‌ मामा, वाळत घातल्याली ज्वारी?"

"ती घरी ने."

मी पुस्तकातून नियम वाचून दाखवायचे तेव्हा निम्मी पोरं नापास व्हायची. मामांनी बांध लावून दिल्यावर सगळी पास होऊ लागली. परीक्षेच्या पडद्यावर पट्ट्याचं चित्र आलं की पोरं तोंडातल्या तोंडात "काटं लावल्यात, काटं लावल्यात" पुटपुटायची.

आता त्या वळणाचं सांगायला हवं. इथं मला थट्टा जमत नाही.

आमचं वळण पूर्वी वाईट होतं. कॅनॉलच्या पुलापासून गाडी सुसाट येते आणि पुढचं काही दिसत नाही. तरी टेम्पोवाले पुढच्याला मागं टाकायला बघायचे. माझा नवरा सायकलवरून दूध घेऊन येत होता. समोरून असाच एक टेम्पो चुकीच्या अंगाला आला. जीव वाचला, पण त्यांच्या पायात सळई आहे आणि हातात काठी. तेव्हापासून ते दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसतात.

ते दवाखान्यात होते तेव्हाच हुकूम आला, वळणावर सलग पिवळा पट्टा मारा. दोरी मामांच्याच हातात होती. फाट्याकडून, म्हणजे कवठे महांकाळच्या बाजूनं येताना त्यांचं घर उजव्या हाताला पडतं. पट्टा सलग मारला तर गाडी घेऊन स्वतःच्या दारात वळायची सोय उरत नव्हती. ठेकेदार भला माणूस. तो म्हणाला, "मामा, तुमच्या दारापुढं चार हात मोकळं सोडू. कोण बघतंय?"

मामांनी एक डोळा मिटून दोरीकडं पाहिलं.

"मोकळं दिसलं की टेम्पोवाला घुसतोय. मार सलग."

रंग वाळला, विषय संपला. त्या दिवसापासून मामा मोपेडवरून फाट्याकडून आले की स्वतःच्या घराकडं न बघता घरावरून पुढं जायचे. वळण ओलांडून कॅनॉलच्या पुलापाशी, जिथं पट्टा तुटक होतो तिथं, हात दाखवून वळायचे आणि परत यायचे. मग घर डाव्या हाताला. पायी माणसाला काही आडकाठी नव्हती. माझ्या दुकानात ते दोन्हीकडं बघून चालतच यायचे. पण चाक म्हटलं की पूल. भाजीची जुडी आणली तरी पूल. अंगावर पाऊस असला तरी पूल.

लोक समजावून दमले. "आवं मामा, सवताच्या घरात जायाला कोन दंड करतंय?"

"दंडाचा इषय न्हाई. आज मी दारात वळलो, तर उद्या टेम्पोवाला म्हनंल, पट्टं मारनाराच वलांडतोय, मग आपल्याला काय? ज्या दिशी मी वलांडली, त्या दिशी ही रेघ पुसली."

आणि गाव खरोखरच टपून होता. माझ्या पायरीवर बसणाऱ्यांच्या पैजा लागायच्या, आज उन्हाचं म्हातारं वळणार. म्हातारं कधी वळलं नाही.

सगळ्यात शहाण्या निघाल्या मामी. त्यांनी या येडेपणाचा उपयोग करून घेतला. मोपेडचा आवाज दारावरून पुढं गेला की त्या चहा ठेवायच्या. मामा पुलावरून वळून येईतो चहाला बरोबर उकळी. "आमच्या घरात घड्याळाची गरजच न्हाई," म्हणायच्या. "आदी जात्यात, मग येत्यात."

असं सगळं सुरळीत चाललं असताना तो प्रसंग आला.

द्राक्षांचा हंगाम होता. सकाळी दहाच्या सुमाराला मामींच्या छातीत कळ आली. घाम फुटला, बोलता येईना. शेजारच्या बेदाण्याच्या शेडचे मालक, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पिकअप घेऊन धावले. गाडी मामांच्या अंगणात लागली. मामींना मागं गादीवर निजवलं. दवाखाना तासगावला, म्हणजे पुलाच्या बाजूला, म्हणजे अंगणातून निघून उजवीकडं. नियमानं जायचं तर आधी डावीकडं फाट्यापर्यंत जाऊन तिथं वळायचं आणि पुन्हा घरावरून यायचं. अण्णांनी स्टिअरिंग धरलं आणि शेजारी बसलेल्या मामांकडं पाहिलं.

"मामा, कुटनं काडू?"

आम्ही रस्त्याच्या या बाजूला दहा-पंधरा माणसं उभे होतो. पैजा लावणारेही होते. मामांनी एक डोळा मिटला आणि आपल्या त्या पिवळ्या रेघेकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. मग दोन्ही डोळे मिटले.

"वलांड."

पिकअप रेघेवरून उजवीकडं वळली आणि वळणाआड गेली. माझ्या नवऱ्यानं काठी खाली ठेवली आणि डोळे पुसले. मी मामींसाठी देवाला हात जोडले. खरं सांगते, त्यातला अर्धा नमस्कार रेघेसाठी होता.

मामी दुपारी चालत घरात आल्या. डॉक्टरांनी पट्ट्या लावून छातीचा आलेख काढला, सगळं तपासलं आणि सांगितलं, पित्त. आदल्या दिवशी एका बारशाला त्यांनी मिरचीची भजी पोटभर खाल्ली होती.

गावाला आनंद झाला. मामांना धक्का बसला.

"पित्तापायी?" ते अंगणात उभे राहून विचारत होते. "पित्तापायी रेघ वलांडली मी?"

"मंग काय मी मरायला पायजे हुती व्हय?" आतून मामी.

"तसं न्हवं गं. पर काळजाचं कायतरी असायला पायजे हुतं."

मामी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र ठेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मामा धुतलेलं धोतर नेसून माझ्या दुकानात आले आणि खुर्ची ओढून बसले.

"ताई, अर्ज लिवा."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्या."

मी समजूत घातली. म्हटलं, मामा, जीव वाचवायला ओलांडली, त्यात कसला गुन्हा?

"जीव कुटं वाचवला? पित्त वाचवलं."

मी लिहिलं: 'मी काल सकाळी दहा वाजता सलग पिवळी रेघ ओलांडण्याचा हुकूम दिला. तरी माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी, ही नम्र विनंती.' त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरून ओळी तपासल्या आणि सही केली. साक्षीदार म्हणून मलाही फाट्यावरच्या चौकीत नेलं.

हवालदार आधी हसले. मग त्यांना संशय आला की मामांना कुणीतरी आपल्याला अडकवायला पाठवलंय. मग त्यांनी विचारलं, "मामा, गाडी कुनाची?"

"अण्णांची."

"मग दंड अण्णांच्या गाडीवर."

ही बातमी अण्णांना लागायला किती वेळ? ते बेदाण्याचे हात तसेच घेऊन चौकीत हजर. "आवं, तुमच्या बायकूला दवाखान्यात मी न्यायची, आन्‌ दंड बी मलाच? हुकूम कुनाचा हुता?"

"माझा हुता," मामा म्हणाले. "सायेब, गाडी त्येंची, पर हुकूम माझा. हुकमावर दंड लावा."

"हुकमावर दंड लावायचं कलम माज्याकडं न्हाई," हवालदार म्हणाले.

मामा चौकीच्या बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. चौकीतली कागदांची कपाटं दोन बोटं डावीकडं सरकलेली आहेत हे त्यांनी सांगितलं तेव्हा हवालदारांचा धीर सुटला. त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर लिहिलं, 'आपण सलग पिवळी रेघ ओलांडण्यास सांगितल्याचे कबूल केले आहे. यापुढे असे करू नये,' आणि खाली दाणकन शिक्का मारला.

मामा तो कागद दोन्ही हातांत धरून माझ्याकडं आले. "ताई, ह्येला प्लास्टिक चढवा. आत हवा ऱ्हाऊ देऊ नका."

कागद लॅमिनेट होऊन माझ्याच दुकानात, परीक्षेच्या खुर्चीसमोर भिंतीवर लागला. लावताना मामांनी चारदा एक डोळा मिटला. पुढं शिकवणीच्या शेवटी ते त्या कागदाकडं बोट दाखवायचे. "मी उगं बोलत न्हाई. माझ्यावर कारवाई झाल्याली हाय."

पैजा लावणारे त्या दिवसापासून गप्प झाले. मला भीती होती, रेघ आता पुसली. झालं उलटंच. अण्णा स्वतःच्या पिकअपनं पुलावरून वळून येऊ लागले. दूधवाला येऊ लागला. ज्वारी वाळत घालणारासुद्धा. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "ज्यानं सवताला सोडलं न्हाई, त्यो मला सोडंल व्हय?"

पट्टा आल्यापासून त्या वळणावर एकही माणूस पडला नाही. आमचे हे पायरीवर बसून रोज पाहतात, म्हणून मला खात्रीनं सांगता येतं. मामांचे आभार मी कधी मानले नाहीत. थट्टाच केली. मनात असायचं, पण समोर आले की ते माझ्या भांगाकडं बघायचे आणि मला हसू यायचं. आता वाईट वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात मामा लेकीकडं कवठे महांकाळला गेले होते. मामींचे गुडघे दुखत होते म्हणून त्या घरीच. दुपारचं जेवून मामा सतरंजीवर आडवे झाले ते उठले नाहीत. लेकीचा दीर सकाळी मोपेडवरून त्यांना न्यायला आला होता, तोच ही बातमी घेऊन संध्याकाळी परत आला. सतरंजी सरळ होती, असं तो आठवणीनं म्हणाला.

अँब्युलन्स तासाभरात येणार होती. मी मामींजवळ अंगणात बसले होते. बायका भोवतीनं होत्या. मामी नुसत्या रस्त्याकडं बघत होत्या. पुरुष माणसं पलीकडं माझ्या दुकानाच्या पायरीवर सावलीला थांबली होती.

फाट्याकडून गाडी आली. ड्रायव्हर परका. अंगणातली गर्दी पाहून त्यानं घर ओळखलं, गाडी हळू केली आणि उजवीकडचा दिवा लावला. तेवढ्यात आमचे हे पायरीवरून उठले आणि त्यांनी काठी आडवी धरली.

"न्हाई. सरळ जावा. पुलावरनं या."

ड्रायव्हर गोंधळला. "आवं, घर तर ह्येच न्हवं?"

"ह्येच हाय," अण्णा म्हणाले. "पर पुलावरनं."

मग सगळेच बोलायला लागले. हात पुढं करून, पुलाकडं बोट दाखवून, पुलावरनं, पुलावरनं. पैजा लावणारे सगळ्यांत मोठ्यानं. ड्रायव्हरनं दिवा बंद केला आणि गाडी दारावरून पुढं गेली.

तो आवाज लांब गेला तशा मामी उठल्या. आम्हाला वाटलं, घेरी येतेय, म्हणून दोघी आधार द्यायला धावल्या. त्या घरात गेल्या, पातेलं घेतलं आणि गॅस पेटवला. दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत. एक म्हातारी दारातून हळूच म्हणाली, "मामी, आज नगं गं."

मामींनी साखरेचा डबा काढला. "गाडी दारावरनं गेली न्हवं?" त्या म्हणाल्या. "आता येत्यात."

अँब्युलन्स पुलावरून वळून डाव्या बाजूनं दारात येऊन थांबली, तेव्हा चहाला उकळी आली होती.